श्वास मोजायला शिका!

२८ मार्च २०२० हा दिवस बुलडाणा जिल्ह्याने विसरू नये. देशभर टाळेबंदी लागून तो चौथा दिवस होता. बुलडाण्यात पंचेचाळिशीतल्या एका माणसाला खासगी दवाखान्यातून सामान्य रुग्णालयात हलवण्यात आले आणि तेथेच तो दगावला. न्यूमोनिया म्हणून त्याच्यावर उपचार झाले होते. त्या काळात जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हती, नमुने नागपूरला जात. तो कोरोनाचा रुग्ण होता हे कळले ते मृत्यूनंतर. जिल्ह्याला या रोगाची पहिली ओळख पटली ती अशी, माणूस गेल्यावर.

रोग नवा होता. भल्याभल्या डॉक्टरांना तो ओळखता येत नव्हता. त्यामुळे त्या मृत्यूबद्दल कुणाला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. पुढे वर्षभर रेडिओ, टीव्ही, फोनची रिंगटोन यातून लक्षणे कानावर आदळत राहिली. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या वस्त्यांमधली माणसे रोगाचे नाव न कळताच का मेली? आणि त्याची किंमत त्यांच्या बायकापोरांनी कशी मोजली?

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही. बाजार समितीत हमाली करणारा, चाळिशीही न ओलांडलेला माणूस. एप्रिल महिन्यात ताप आला. तीन दिवस तापातच पोती उचलली, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. चौथ्या दिवशी उठवेना. जवळच्या डॉक्टराने रक्त तपासून टायफॉईड सांगितला आणि रोज एक सलाईन लावली. सातव्या दिवशी ताप उतरला. घरच्यांना हायसे वाटले. पण घराचा ओटा चढताना तो मध्येच बसू लागला. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावे लागे. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोज पाजा’ असे कुणीतरी सांगितले. नवव्या रात्री तो उशीला टेकून बसूनच राहिला आणि पहाटे तालुक्याच्या गावाला नेताना ऑटोत गेला.

त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा शासनाने ५० हजारांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले होते. कागद काय आहेत विचारले, तर एक रक्ताचा रिपोर्ट आणि सलाईनची चिठ्ठी. ती म्हणाली, “वकीलसाहेब, डॉक्टरनं तं टायफाईड सांगतला होता. मंग म्या कोरोना कसा लिहू?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कायद्याच्या पदवीत नव्हते.

कायदा काय होता तेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर ३० जून २०२१ रोजी निकाल दिला आणि कोरोनाने मेलेल्यांच्या वारसांना साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक सूचना करण्यास सांगितले. त्यातून ५० हजारांची रक्कम ठरली. केवळ मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही म्हणून साहाय्य नाकारू नका, असेही न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी बजावले. दार उघडेच होते. पण त्या दारातून आत जायला तपासणीचा अहवाल हवा, नाहीतर रुग्णालयात दाखल असताना डॉक्टरांनी केलेले निदान हवे. या हमालाची ना तपासणी झाली, ना तो दाखल झाला. समितीपुढे आम्ही शेजाऱ्यांचे जबाब ठेवले, दम लागत होता असे सांगितले. अर्ज नामंजूर झाला. लक्षण ओळखले गेले नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून उपचार नाही आणि शेवटी कागद नाही म्हणून साहाय्यही नाही. एका न ओळखलेल्या लक्षणाने त्या घराला तीनदा मारले.

म्हणून आज या स्तंभात राजकारण बाजूला ठेवून लक्षणांविषयी लिहितो आहे. हा विषय डॉक्टरांचा, वकिलाने त्यात का पडावे, असे कुणी म्हणेल. जो समाज डॉक्टरापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो, त्या समाजातल्या प्रत्येकाला डॉक्टरकडे कधी जायचे एवढे तरी ठाऊक असले पाहिजे, हे माझे उत्तर आहे.

साधी सर्दी आणि दुसरे दुखणे

साध्या सर्दीत शिंका येतात, नाक वाहते, घसा खवखवतो, ताप आला तरी बारीक असतो. माणूस कुरकुरत का होईना कामधंदा करतो आणि आठ-दहा दिवसांत बरा होतो. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा असा हळूहळू येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरूण धरतो. जोराचा ताप, डोके ठणकणे, अंग मोडून येणे, कोरडा खोकला आणि उठवणार नाही एवढा थकवा ही त्याची खूण. कोरोनाही असाच सुरू होऊ शकतो. सुरुवातीच्या लाटांत वास आणि चव जाणे ही त्याची ठळक खूण होती, पुढच्या प्रकारांत ती कमी दिसू लागली. लहान बाळांना आरएसव्ही नावाचा विषाणू गाठतो. मोठ्यांना त्याने नुसती सर्दी होते, पण दोन-चार महिन्यांच्या बाळाची छाती घरघरू लागते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी लोक घाबरले. तो विषाणू काही नवा नव्हे. नेदरलँडच्या शास्त्रज्ञांनी तो २००१ सालीच शोधला होता आणि बहुतेकांना त्याने सर्दी-खोकल्यापलीकडे काही होत नाही.

यातला नेमका विषाणू कोणता हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही तपासणीशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे नावाच्या मागे लागू नका. दुखणे घशातून छातीत उतरले का, एवढे बघा. सगळा जीव त्या एका प्रश्नात आहे.

ते कसे बघायचे? श्वास मोजून. लेकरू शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचा सदरा वर करा, पोटाकडे बघा आणि मोबाईलच्या घड्याळावर पुरते एक मिनिट मोजा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या लेकराचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो न्यूमोनियाचा इशारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेले हे आकडे आहेत. एकदा जास्त भरले तर थोडे थांबून पुन्हा मोजा. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, लेकरू अंगावर पीत नसेल, सुस्त पडून राहत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही.

मोठ्या माणसाचा श्वास शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो २४ वर गेला की दवाखाना गाठावा, ३० च्या पुढे गेला की जिवाला धोका आहे असे समजावे. एक वाक्य एका दमात बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, छातीत दुखणे, भान हरपणे ही सगळी धोक्याची लक्षणे आहेत. म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा तापच येत नाही. आजी अचानक असंबद्ध बोलू लागली, जेवण टाकले, उठताना तोल गेला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. आणि दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. ताप उतरून पुन्हा चढला, तर विषाणूच्या मागोमाग जिवाणूने फुप्फुस धरले असण्याची शक्यता असते. आणि ताप उतरला पण दम वाढला, तर तो बरा होण्याचा नव्हे, बिघडण्याचा रस्ता आहे. आमच्या हमालाचे नेमके तेच झाले. घरातले सारे कपाळाला हात लावून ताप बघत राहिले, छातीकडे कुणी बघितले नाही.

गर्भवती स्त्रिया, मधुमेहाचे, दम्याचे, हृदयाचे रुग्ण यांनी धोक्याच्या लक्षणांपर्यंतही थांबू नये. फ्लूवरचे ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाईन फ्लूने गेली, देशातला तो पहिला बळी. तिचे दुखणेही आधी साधेच समजले गेले होते. पुण्यासारख्या शहरात हे घडते, तर आपल्या मेहकर, लोणार, संग्रामपूरच्या खेड्यात काय घडत असेल?

दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला मात्र वेगळा विषय आहे. तो विषाणूचा समजून सिरपच्या बाटल्या रिचवू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पोषणासाठी मिळणारी मदतही नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे.

विषाणूला जात नसते, पण...

आता जो मुद्दा आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको, पण आकड्यांसह सांगितला पाहिजे, तो मांडतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिने मुंबईत कोणाला किती मारले याची नोंद जातवार झाली आहे. युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३, हिंदूंमधल्या इतर जातींत १८.९ आणि ज्यांना ‘खालच्या जाती’ म्हटले गेले त्यांच्यात ६१.६. म्हणजे तिपटीहून अधिक. आपला बुलडाणा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी तो एक होता. त्याच साली नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. राहत होते परळच्या चाळीत. मरण कुठल्या गल्लीत जास्त फिरते हे त्यांना कुणी आकड्यांतून सांगण्याची गरज नव्हती.

विषाणूला जात कळत नाही. पण एका खोलीत सात माणसे झोपतात त्या खोलीला, चुलीच्या धुराला, वीटभट्टीच्या आणि जिनिंगच्या धुळीला, बुडणाऱ्या मजुरीला आणि उशिरा मिळणाऱ्या डॉक्टरला जात असते. शंभर वर्षांनी आपण वेगळे काही केले नाही, तर आकडे तेच येतील, फक्त ते जातवार मोजले जाणार नाहीत.

एवढेच नव्हे, यंत्रही कधी कधी रंग बघते! बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता घरोघरी पोहोचले. ते उपयोगी आहे. ९५ च्या वर आकडा ठीक, ९४ च्या खाली आला तर दवाखाना. पण अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट वेळा यंत्राने ऑक्सिजन ठीक दाखवला आणि रक्तात तो प्रत्यक्षात कमी होता. तेव्हा यंत्र ९५ दाखवते आहे आणि माणूस धापा टाकतो आहे, तर माणसावर विश्वास ठेवा.

अक्षर येत नाही, तरी श्वास मोजता येतो

‘आमच्या बायांना हे जमणार कसे?’ असे म्हणणाऱ्यांसाठी विदर्भातलेच उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खेड्यातल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना लेकरांचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. न्यूमोनिया ओळखायचा आणि तेथेच औषध द्यायचे. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी झाले आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. ज्ञान ही कुणाची मिरासदारी नाही, हे फुले-आंबेडकरांनी आपल्याला सांगितले. गडचिरोलीच्या दाईंनी ते आजाराच्या बाबतीत सिद्ध केले.

उलट बाजूही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मेळघाटातून २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याची बातमी आली. डागण्या देणारी ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यापर्यंत भगत पोहोचला होता, दवाखाना पोहोचला नव्हता. मात्र आपणही हसण्याचे कारण नाही. सर्दीतापाला ‘एक सुई मारा’ म्हणून आपणच डॉक्टरच्या मागे लागतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. स्टिरॉईडच्या सुईने दोन तास बरे वाटते आणि लक्षण झाकले जाते. सलाईनने फुप्फुस बरे होत नाही. ही शिकलेल्यांची डागणीच म्हणायची.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा देशभरचे कॅमेरे आले, आयसीएमआरचे पथक आले. यायलाच हवे होते. पण टक्कल दिसते म्हणून कॅमेरा येतो. दर थंडीत वस्तीतल्या लेकराची छाती आत ओढली जाते, ती कुणाला दिसत नाही. ती आपल्याला दिसली पाहिजे.

मागणे उपकाराचे नव्हे

एवढे ओळखून दवाखान्यात गेल्यावर काय? तेथे ‘बेड नाही, पुढे न्या’ असे ऐकावे लागले, तर लक्षात ठेवा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता. आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे बाबासाहेबांच्या संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये लिहिलेले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आनंद आहे. पण तेथे घडलेला डॉक्टर वस्तीपर्यंत येतो की नाही, हे आपल्या जागरूकतेवर ठरणार आहे.

कागदाचे महत्त्व हमालाच्या बायकोने आपल्याला शिकवले आहे. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मोफत मिळते, ते मागून घ्या.

शेवटी आपल्या संघटनांना विनंती. भगवान बुद्धांनी आजारी पडलेल्या, सगळ्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला आनंदच्या मदतीने स्वतः धुऊन काढले, ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. सावित्रीमाई प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पोराला पाठीवर घेऊन गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या, हे आपण जयंतीला सांगतो. हे सांगून झाल्यावर करायचे काय? आपापल्या विहारात एका रविवारी गावच्या आशाताईला बोलवा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत याच बाया घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. जास्तीच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत होते आणि हक्काच्या मानधनासाठी त्यांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. तिला खुर्ची द्या, मान द्या आणि तिच्याकडून प्रत्येक आईने, प्रत्येक पोराने श्वास मोजायला शिकावे. विहाराच्या भिंतीवर ६०, ५०, ४० हे तीन आकडे रंगवा. खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहा. मंडळाच्या खर्चातून एक ऑक्सिमीटर घ्या. डीजेच्या एका तासाच्या भाड्यात ते सहज बसते.

त्या बाईचा अर्ज मी जिंकू शकलो नाही. परवा ती कोर्टाच्या आवारात भेटली. तिच्या पोराला खोकला होता. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “वकीलसाहेब, रातच्याला दोनदा मोजलं. अठ्ठावीसच भरले.” पोरगा साडेचार वर्षांचा आहे. माझ्या वकिलीत एवढा समाधानाचा निकाल मला क्वचितच मिळाला असेल.

जयभीम.